ब्रायटन: समुद्र खातो, माणसं रंग मारतात

शुक्रवार

ईस्टरच्या लॉन्ग वीकेंडला ब्रायटनला जाऊ नका, मरणाची गर्दी असते, असं ऑफिसमध्ये सगळ्यांनी सांगितलं आणि तरी आम्ही गेलो, कारण आई-बाबा मेमध्ये परत जाणार होते आणि आईला "इंग्लंडचा समुद्र" बघायचाच होता. बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत, निम्मी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात गेली, त्यामुळे समुद्राकाठी लोखंड दिसलं की ते समुद्र बघत नाहीत, गंज बघतात. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं प्रवासवर्णन त्यामुळे थोडं वाकड्या वाटेने जाणार आहे.

लंडन व्हिक्टोरियाहून ट्रेन तासाभरात पोचते. 1841 मध्ये ही रेल्वे आली तेव्हापासून या गावाचं नशीब बदललं, आधी राजा आणि त्याचे दोस्त यायचे, मग लंडनची सगळी जनताच रविवारचं तिकीट काढून यायला लागली. स्टेशनातून बाहेर पडलं की रस्ता सरळ उतारावर आणि शेवटी समुद्र. आईची पहिली प्रतिक्रिया, "वाळू कुठाय?" नाहीये वाळू. पूर्ण किनारा गोट्यांचा, चालताना पाय वाकडेतिकडे होतात आणि लाट परत जाताना गोट्यांचा खळखळाट होतो तो ऐकायला मात्र जाम भारी वाटतो.

आमचं हॉटेल एका जुन्या रीजन्सी घरात होतं (म्हणजे 1800 नंतरच्या पहिल्या काही दशकांतली बांधणी), नाव नाही सांगत, खिडकी बंद होत नव्हती आणि लिफ्टही नव्हती, आईच्या गुडघ्यांनी तिसऱ्या मजल्यापर्यंत जे काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सामान टाकलं आणि किंग्ज रोडवर आलो.

समोरच दोन प्रचंड हॉटेलं शेजारीशेजारी. पांढरं ग्रँड, 1864 चं, आणि लालभडक विटांचं मेट्रोपोल, 1890 चं. मेट्रोपोल बांधणारा आर्किटेक्ट आल्फ्रेड वॉटरहाउस, ज्याने लंडनचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम बांधलं तोच, आणि आजूबाजूला सगळा क्रीम रंगाचा गिलावा असताना याने लाल टेराकोटा लावला म्हणून तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. मला तरी आवडलं, निदान कुठे उभे आहोत ते लांबून कळतं. 1896 मध्ये इंग्लंडमध्ये गाड्यांची वेगमर्यादा ताशी 14 मैलांवर नेली त्या आनंदात लंडनहून मोटारी पळवत लोक इथपर्यंत आले होते, आणि अजूनही दर नोव्हेंबरात जुन्या मोटारींची ती रॅली निघते.

ग्रँडची गोष्ट मात्र वेगळी आहे. 12 ऑक्टोबर 1984, पहाटे तीनला थोडी मिनिटं कमी, पंतप्रधान मार्गारेट थॅचर आत होत्या, त्यांच्या पक्षाचं अधिवेशन चालू होतं. आयआरएच्या, म्हणजे आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या माणसाने काही आठवडे आधी खोटं नाव लावून 629 नंबरची खोली घेतली आणि बाथरूममध्ये टायमर लावून बॉम्ब लपवून ठेवला होता. स्फोटाने छतावरचं धुराडं एकेक मजला फोडत खाली आलं, पाच माणसं गेली. थॅचर वाचल्या, त्याच सकाळी साडेनऊला अधिवेशन ठरल्याप्रमाणे सुरू झालं आणि दुपारी त्या भाषणाला उभ्या राहिल्या. आज समोर उभं राहून बघितलं तर काही म्हणजे काही कळत नाही, बाल्कन्यांच्या जाळ्या, पांढरा रंग, दारात टोपीवाला माणूस. बाबा मान वर करून बराच वेळ नवीन आणि जुन्या कामाचा सांधा शोधत होते. सापडला नाही म्हणून नाराज झाले, पण ती नाराजी कौतुकाची होती.

संध्याकाळी वेस्ट पिअर. पिअर म्हणजे समुद्रात आत नेलेला लोखंडी धक्का, फक्त बोटी लावायला नाही तर फिरायला, नाच-गाण्याला, हवा खायला. हा 1866 चा, युजेनियस बर्च नावाच्या इंजिनिअरने बांधलेला. बर्चने आयुष्यात चौदा पिअर बांधले आणि त्याआधी कलकत्ता-दिल्ली रेल्वेच्या कामातही तो होता. आता समुद्रात काय उरलंय तर एक काळा सांगाडा, किनाऱ्याशी काही संबंध नसलेला, एकटाच पाण्यात उभा. 1975 मध्ये बंद झाला, दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून तसाच पडून राहिला, मग लॉटरी फंडातून पैसे मंजूर झाले, पण प्रत्यक्ष काम सुरू व्हायच्या आत 2002 च्या डिसेंबरात वादळाने एक भाग पाडला आणि 2003 मध्ये एकदा मार्चमध्ये आणि एकदा मेमध्ये आग लागली. संपलं. "मंजुरी आणि वर्क ऑर्डर यांच्यामध्येच सगळं पडतं," बाबा म्हणाले, आणि त्या वाक्यात त्यांची सगळी नोकरी होती.

किनाऱ्यावर या पिअरचे वाचवलेले ओतीव लोखंडाचे खांब गोल रिंगणात उभे करून ठेवलेत, तिथं जवळून बघता येतं. खालच्या बाजूला स्क्रूसारखी पाती असायची, म्हणजे हे खांब ठोकून बसवलेले नाहीत, समुद्राच्या तळात पिळून घुसवलेले आहेत. बाबांनी लगेच सांगितलं की मुंबईच्या बीबीसीआय रेल्वेने वसईच्या खाडीवर पहिला पूल बांधला तोही असल्याच स्क्रू पाइलवर, साधारण त्याच वर्षांत. मग हाताने खांब चाचपला, नखाने पोपडा काढला, आणि मला दाखवला, वरचा रंग, खाली अजून एक रंग, खाली अजून एक, आणि त्याखाली लालसर भुगा. आईने "अहो, लोक बघतायत" म्हटल्यावर पोपडा खिशात गेला.

मागेच आय-360 नावाचा 162 मीटरचा मनोरा आहे, लंडन आयवाल्याच आर्किटेक्टांचा, 2016 ला सुरू झाला, 2024 च्या शेवटी कर्जात बुडून बंद पडला, आणि 2025 मध्ये नव्या मालकाने परत उघडला. वर गेलो नाही. तिकिटाच्या पैशात आम्ही फिश अँड चिप्स खाल्ले, त्यातले बरेचसे चिप्स एका सीगलने नेले.

शनिवार

आज पूर्वेची बाजू. पॅलेस पिअर सकाळी लवकर गाठायचा असा प्लॅन होता, लवकर म्हणजे अकरा वाजले. हा 1899 चा, जवळजवळ 525 मीटर लांब, आणि हा जिवंत आहे, म्हणजे आवाज, दिवे, झोके, डोनटचा वास, पैसे गिळणारी मशीनं, सगळं. मला असल्या ठिकाणांचा कंटाळा येतो हे मान्य, पण एक गोष्ट खरी, हा पिअर जत्रेच्या पैशावर उभा आहे आणि सुंदर म्हणून गाजलेला तो दुसरा पडला. शेवटाला पूर्वी थिएटर होतं, 1973 च्या वादळात एक बार्ज सुटून आदळला, थिएटर परत कधी सुरू झालं नाही, तिथं आता राइड्स आहेत.

इथं एक गोष्ट बहुतेक लोक न बघताच पुढे जातात. पिअरवर दोन छोट्या जुन्या केबिन आहेत, त्या या पिअरच्या नाहीतच. त्या चेन पिअरच्या टोलच्या केबिन, म्हणजे 1823 मध्ये कॅप्टन सॅम्युएल ब्राउन याने साखळ्यांनी टांगलेला जो धक्का बांधला होता, फ्रान्सला दिएपला जाणाऱ्या बोटींसाठी, त्याच्या. टर्नर आणि कॉन्स्टेबल दोघांनीही त्याची चित्रं काढलीत. 1896 मध्ये तो धोकादायक म्हणून बंद केला, पाडायचा होताच, तर 4 डिसेंबरच्या रात्रीच्या वादळाने पाडायचा खर्चच वाचवला.

त्याच वादळात अजून एका गोष्टीचा बळी गेला आणि ती माझी या ट्रिपमधली सगळ्यात लाडकी गोष्ट. मॅग्नस वोल्क म्हणून एक माणूस होता, जर्मन घड्याळजीचा मुलगा, ब्रायटनमध्येच वाढलेला. याने 4 ऑगस्ट 1883 ला किनाऱ्यावर विजेवर चालणारी छोटी रेल्वे सुरू केली, आणि ती अजून चालू आहे, जगातली सगळ्यात जुनी चालू इलेक्ट्रिक रेल्वे. आम्ही बसलो. लाकडी बाकं, दोन्ही बाजूंनी उघडी, साधारण मैलभराचा रस्ता, वेग इतका की बाजूने जॉगिंग करणारा माणूस आम्हाला हात करून पुढे गेला. आई खूष, कारण चालायचं नव्हतं.

पण वोल्कला एवढ्यावर समाधान नव्हतं. पूर्वेला रॉटिंगडीन गावापर्यंत लाइन न्यायची तर वाटेत कडे आणि चढ, म्हणून त्याने रूळ सरळ समुद्राच्या तळावर टाकले, आणि वरती सात मीटर उंच पायांवर एक डेक उभा केला, त्यावर सलून, बाकं, दीडशे माणसांची सोय. भरतीला हे धूड पाण्यातून चालत जायचं. कायद्याने ते जहाज धरलं गेलं, म्हणून त्यावर लाइफबोट आणि एक खराखुरा कॅप्टन. 28 नोव्हेंबर 1896 ला सुरू झालं आणि आठवड्याभरात तेच वादळ आलं, चेन पिअरसोबत हेही आडवं. पठ्ठ्याने परत उभं केलं, पुढच्या उन्हाळ्यात परत सुरू, आणि 1901 पर्यंत चाललं. ओहोटीला त्या लाइनचे काँक्रीटचे ठोकळे अजून दिसतात. बाबांनी विचारलं की डीपीआर, म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल, कोणी पास केला असेल याचा. मी म्हटलं, बाबा, तेव्हा डीपीआर नव्हते. "म्हणूनच झालं," ते म्हणाले.

पिअरच्या समोर रस्त्याच्या पातळीच्या खाली अॅक्वेरियम आहे, 1872 चं, तेही बर्चचं, आणि जगातलं सगळ्यात जुनं चालू अॅक्वेरियम म्हणून मिरवतात. मासे ठीक, आपण कोकणातले, मासे बघताना डोक्यात दुसरेच विचार. पण वरच्या कमानी बघा, एखाद्या चर्चच्या तळघरात आल्यासारख्या दगडी कमानी आणि त्याखाली काचेत शार्क.

दुपारी मदेरा टेरेस, आणि इथं आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. कड्याला चिकटून ओतीव लोखंडाच्या 151 कमानींची ओळ, जवळजवळ अर्धा मैल, 1890 च्या दशकात नगरपालिकेचा सर्व्हेअर फिलिप लॉकवूड याने केलेली. खाली सावलीतून चालायचं, वरती डेकवर बसून समुद्र बघायचा, भाड्याचा महाल नको की राजाचं आमंत्रण नको. कमानींच्या मध्यावर समुद्रदेवांचे चेहरे आहेत. गेली कित्येक वर्षं गंजून धोकादायक झाल्यामुळे बहुतेक भाग कुंपणाच्या आड आहे, पहिल्या टप्प्याच्या दुरुस्तीचं काम 2024 च्या अखेरीस सुरू झालं. कुंपणाच्या जाळीला नाक लावून बाबा उभे. त्यांचं म्हणणं असं की ओतीव लोखंड खाऱ्या हवेला बऱ्यापैकी टिकतं, मरतं ते सांध्यात, जिथं पाणी साठतं आणि ब्रश पोचत नाही, आणि एक देव वाकडं तोंड करून बघतोय त्याच्या नेमकं मानेखाली बोल्टच्या भोवती गंज ओघळून हनुवटीपर्यंत आलेला दाखवला. नंतर मला सगळीकडे सांधेच दिसायला लागले, वैताग.

परतताना रॉयल क्रेसेंटपाशी थांबलो, 1800 च्या आसपासची घरं, काळी कुळकुळीत चकचकीत. विटा वाटतात पण विटा नाहीत, लाकडी चौकटीवर टांगलेल्या काळ्या ग्लेझच्या टाइल्स आहेत, वारा-पाऊस आत येऊ नये म्हणून. दोनशे वर्षं समुद्रासमोर उभी आणि चकाकी गेलेली नाही. रंगाचा खर्च शून्य. बाबांनी फोटो काढला, आख्ख्या ट्रिपमधला त्यांनी स्वतःहून काढलेला पहिला.

रविवार

रॉयल पॅव्हेलियन समुद्रापासून चार पावलं आत आहे, पण त्याच्याशिवाय हा किनारा झालाच नसता. त्याच्याही आधी एक डॉक्टर होता, रिचर्ड रसेल, त्याने 1750 मध्ये लिहिलं की समुद्राचं पाणी औषध आहे, त्यात डुंबा आणि ते प्या पण, आणि श्रीमंत आजारी लोकांनी या मासेमारी गावाकडे धाव घेतली. त्याच्या घराच्या जागेवर 1826 मध्ये रॉयल अल्बियन हॉटेल झालं, तेही 2023 च्या जुलैत जळालं. आग, वादळ, आग, वादळ, या गावाचा इतिहास म्हणजे इन्शुरन्सवाल्यांची डोकेदुखी.

तर राजपुत्र जॉर्ज, म्हणजे पुढचा राजा चौथा जॉर्ज, 1783 मध्ये पहिल्यांदा आला, कर्जात बुडालेला, खादाड, हौशी. आधी साधासा बंगला, मग 1815 ते 1822 मध्ये जॉन नॅशकडून त्याच्यावर हे घुमट, मिनार, जाळ्या. नॅश भारतात कधी आलाच नव्हता, भारतात फिरून आलेल्या डॅनियल या चित्रकार काका-पुतण्यांची चित्रं बघून त्याने हिंदुस्थान बांधला. आत गेलात की हिंदुस्थान संपतो आणि चीन सुरू होतो, जेवणाच्या दालनात टनभर वजनाचं झुंबर चांदीच्या ड्रॅगनच्या पंजात लटकतंय. आईचं मत: खर्चिक लग्नाचा मांडव. मला यापेक्षा नेमकं काही सुचत नाही.

बाबांना आवडला तो वरचा भाग, कारण घुमटांच्या आत ओतीव लोखंडाचा सांगाडा आहे, जुन्या बंगल्याच्या डोक्यावर वजन पेलवायला नॅशने ही युक्ती केली, आणि स्वयंपाकघरातले खांब लोखंडाचे, वरती ताडाची पानं. आणि हो, छत गळायचं. पहिल्यापासून गळायचं. हे कळल्यावर बाबांचा चेहरा उजळला. म्युझिक रूमचं तर नशीबच फाटकं, 1975 मध्ये कोणीतरी आग लावली, वर्षानुवर्षं खपून परत केलं, आणि 1987 च्या मोठ्या वादळात मिनारावरचा दगडी गोळा छत फोडून नव्या गालिच्यात येऊन रुतला. व्हिक्टोरिया राणीला इथली बघ्यांची गर्दी आवडेना, 1850 मध्ये गावानेच 53 हजार पौंडांना वाडा विकत घेतला.

आता आपल्याकडचा भाग. डिसेंबर 1914 ते जानेवारी 1916 या वाड्यात फ्रान्समधून आणलेल्या जखमी हिंदी सैनिकांचं हॉस्पिटल होतं. घुमटाखाली झुंबरं आणि झुंबरांखाली ओळीने पलंग, असे फोटो आत लावलेत. नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांचे पाण्याचे नळ वेगळे, पाट्या उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत. सरकारला प्रचारही करायचाच होता, बघा तुमच्या शिपायांना आम्ही राजवाड्यात ठेवतो, आणि त्याच वेळी बरा होत आलेला शिपाई परवानगीशिवाय गावात फिरू शकत नव्हता. दोन्ही खरं आहे. ऑगस्ट 1915 मध्ये पाचव्या जॉर्जने इथल्या हिरवळीवर जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस दिला. आपल्या मराठा पलटणी तेव्हा मुख्यतः मेसोपोटेमियात होत्या, पण खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या, कंपन्या फ्रान्सलाच होत्या, न्यू शापेलच्या लढाईत त्यांची फार वाताहत झाली. दक्षिणेकडचा दरवाजा हिंदी लोकांची भेट, 1921 मध्ये पतियाळाच्या महाराजांनी उघडला.

जेवून बस पकडून पॅचमला गेलो आणि तिथून शेतातून, मेंढ्यांतून, चढ. आईला खाली कॅफेत बसवणार होतो, पण ती म्हणाली, "मी येणार," आणि आली, सावकाश. टेकडीच्या कुशीत छत्री आहे, त्यांनीही नाव तेच ठेवलंय. इथं मरण पावलेल्या 53 हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन याच जागेवर झालं, चितांचे चौथरे तीन दगडी शिळांनी झाकलेत. मुसलमान सैनिकांना वोकिंगजवळ दफन केलं. पांढऱ्या संगमरवराची, आठ खांबांची ही छत्री काढली ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण आर्किटेक्टने, आणि 1 फेब्रुवारी 1921 ला प्रिन्स ऑफ वेल्सने तिचं अनावरण केलं. म्हणजे नॅशने न बघितलेला भारत तिकडे, आणि मुंबईच्या माणसाने केलेली ही छत्री इकडे, मधे शंभर वर्षं. मला ही जास्त आवडली, हे सांगायला नकोच. शेजारच्या भिंतीवर 2010 मध्ये सैनिकांची नावं कोरलीत, बाबांनी चष्मा काढून पुसला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी वाचली.

संध्याकाळी परत किनाऱ्यावर, क्वीन्स हॉटेलपाशी. इथं पाटण्याच्या साके दीन महोमेदचे स्नानगृह होते, वाफेचे हमाम आणि चंपी, चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम दोघांचा हा अधिकृत चंपीवाला. इंग्रजीत पुस्तक छापणारा पहिला भारतीय पण हाच, 1794 मध्ये. गर्दी इतकी की फार थांबता आलं नाही.

सोमवार

वारा सुटला होता, आईने दोन स्वेटर घातले. पश्चिमेकडे, शेजारच्या होव्ह गावाच्या बाजूला चालत गेलो. वाटेत 1884 चा बँडस्टँड, छान रंगवलेला, पुढे. ओरिएंटल प्लेसच्या गल्लीत शिरून खांब बघा, त्यांच्या माथ्यावर नेहमीची पानं नाहीत, गुंडाळलेले शंख आहेत, अॅमोनाइट, कारण आर्किटेक्टचं नाव एमन वाइल्ड्स. नावावरून कोटी आणि तीही दुसऱ्यांच्या घरावर.

मग एम्बसी कोर्ट, 1935 चं, वेल्स कोट्स याचं, सरळ पांढऱ्या पट्ट्यांची उंच बिल्डिंग, मरीन ड्राइव्हच्या सोसायट्यांच्याच काळातली. हिचीही वाट लागली होती, काँक्रीट फुटलेलं, सळ्या बाहेर, पाडा म्हणायला लागले होते लोक. शेवटी रहिवाशांनीच कोर्टातून मालकी मिळवली, पैसे गोळा केले, आणि 2005 च्या सुमारास दुरुस्त केली. दोन फ्लॅटधारक एकमेकांशी वरच्या गळतीवरून भांडले नसतील असं मला अजिबात वाटत नाही.

शेजारी ब्रन्सविक टेरेस आणि स्क्वेअर, 1820 च्या दशकातली, मोठे खांब, गोल पुढे आलेल्या खिडक्या, सगळं एकाच क्रीम रंगात. इथं दर पाच वर्षांनी ठरलेल्या रंगातच घर रंगवायचं, कायद्याने सक्ती. आणि या देखण्या गिलाव्याच्या मागे काय आहे तर बंगारूश, म्हणजे चुन्यात कोंबलेले गारगोटे, विटांचे तुकडे, हाताला लागेल ते. गावात म्हणतात, नीट नेम धरून पाण्याचा पाइप मारला तर अर्धं ब्रायटन वाहून जाईल. म्हणजे रंग शोभेला नाहीच, रंग म्हणजे छत्री. दुसऱ्या महायुद्धानंतर नगरपालिकेला हे सगळं पाडून नवीन बांधायचं होतं, लोकांनी 1945 मध्ये रीजन्सी सोसायटी काढून ते हाणून पाडलं.

शेवटी पामीरा स्क्वेअर, फुलांचे वाफे, कुत्री, म्हातारी मंडळी. इथं 1833 मध्ये अँथिअम नावाचं काचेचं अवाढव्य बागघर होणार होतं, रोमच्या सेंट पीटर्सपेक्षा मोठा लोखंडी घुमट, आत झाडं, पाणी, पक्षी. आधारासाठी तिरके पट्टे घाला असं सांगितलेलं, ठेकेदाराने ऐकलं नाही, आर्किटेक्ट काम सोडून गेला, मचाण काढलं, आणि उद्घाटनाच्या तोंडावर सगळा घुमट खाली आला. सांगाडा कित्येक वर्षं तसाच पडून होता.

मी हे बाकावर बसून वाचून दाखवत होते. आई म्हणाली, कोणी मेलं नाही ना. नाही, वेळेवर पळाले सगळे. बाबांनी मात्र ठेकेदाराबद्दल खोदून खोदून विचारलं, सेंटरिंग किती दिवसांनी काढलं, त्याला ब्लॅकलिस्ट केलं का, आणि शेवटचं बिल पास झालं होतं का. स्टेशनपर्यंत तेच चालू होतं.